दाखवायची यादी

सोनगीर,
१९ जुलै २०२५

तीर्थस्वरूप अक्कांना,
प्रमिलाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र मिळालं. कानाचं नवीन मशीन शिट्टी मारतं म्हणून तुम्ही ते डब्यात ठेवून दिलंत, हे वाचून हसावं की रागवावं कळेना. सूनबाई ओरडून ओरडून घसा बसवून घेणार आणि तुम्ही म्हणणार, या घरात माझ्याशी कोणी बोलतच नाही. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून तरी आपली पत्रं चालू आहेत. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

येत्या शुक्रवारी तुमच्या भावाला जाऊन तीन वर्षं होतील. दुकानावर पाटी अजून 'अभिमन झेरॉक्स' हीच आहे. नवीन माणूस येतो आणि अभिमनभाऊ कुठे आहेत विचारतो. मी बाहेर गेले आहेत म्हणते.

सध्या दुकानात बारावीच्या मुलांची गर्दी आहे. कॉलेजच्या प्रवेशाचे फॉर्म सगळे कॉम्प्युटरवर, आणि गावात माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचणारी मी एकटी. सातवी शिकलेली बाई इंजिनियरिंगचे फॉर्म भरते, हे तुम्हाला गमतीचं वाटेल. वाचायचं म्हटलं की मी काहीही वाचते, ते तुम्हाला ठाऊक आहे.

एका मुलीसाठी तुमचा सल्ला हवा आहे. भांड्यांच्या दुकानवाले अमृतलाल शेठजी तुम्हाला आठवत असतील. त्यांची नात विधी. सीईटीला अठ्ठ्याण्णवच्या वर आहे. तिला पुण्याचं सरकारी कॉलेज मिळू शकतं, आणि तिला तेच हवं आहे. आठवीपासून ती माझ्या दुकानात येऊन जुनी मासिकं वाचत बसते, आणि तेव्हापासून हेच बोलते. शेठजी म्हणतात, धुळ्याचं कॉलेज काय वाईट आहे, एसटीने जाईल, एसटीने येईल, संध्याकाळी घरचं जेवेल. वडील पुनीतभाऊ त्यांच्यापुढे तोंड उघडत नाहीत.

आता अडचण सांगते. कॉलेजांची यादी पसंतीच्या क्रमाने भरायची असते. पहिल्या नंबरावर लिहिलेलं कॉलेज पहिल्या फेरीत मिळालं, की ते घ्यावंच लागतं, पुढचे दरवाजे बंद. धुळं पहिलं लिहिलं तर विधीला धुळं मिळणार यात शंकाच नाही. पुणं पहिलं लिहिलं तर शेठजी फॉर्म पक्का करू देणार नाहीत, कारण फॉर्म पक्का करताना जो ओटीपी येतो तो त्यांच्या मोबाइलवर. दहावीपासून सगळीकडे दुकानाचाच नंबर दिलेला आहे.

तुम्ही अमळनेरला कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं काढलीत. असे आजोबा तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. काय करावं ते लवकर कळवा. २९ तारखेला संध्याकाळी पाचला यादी बंद होते.

सर्वांना नमस्कार. आहे तशीच माया ठेवा.
आपली,
प्रमिला


पिंप्राळा, जळगाव,
२२ जुलै २०२५

चि. प्रमिला हिस,
ज्योत्स्नाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मला पुन्हा नोकरीला लागल्यासारखं वाटलं. मशीन डब्यातच आहे. तेजस म्हणतो, आजी, तुला हवं तेवढंच ऐकू येतं. नातू शहाणा आहे.

असले आजोबा मी शेकड्याने पाहिले. काउंटरवर येतात, चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा लावतात आणि कागदाची पहिली ओळ वाचतात. दुसरी ओळ वाचलेला आजोबा मी तीस वर्षांत पाहिला नाही. म्हणून तू असं कर. यादीत धुळं पहिलं टाक, त्याचा कागद काढ आणि म्हाताऱ्याला दाखव. त्याचं समाधान होऊ दे. मग शेवटच्या दिवशी पुणं वर घे आणि त्याच्याकडून ओटीपी माग. वेबसाइटला लागतो म्हणावं. तो काय ओटीपीची जन्मकुंडली बघणार आहे का?

आणि समजा चुकून फॉर्म पक्का झाला, तरी घाबरू नकोस. पक्का झालेला फॉर्म सुविधा केंद्रावर अर्ज दिला की उघडून मिळतो. मी स्वतः कितीतरी मुलांचे उघडून दिलेले आहेत. साहेबाची एक सही लागते, बस.

हे खोटं आहे असं तुझ्या मनात येणार, मला माहीत आहे. पोरीच्या चांगल्यासाठी एक कागद वरखाली केला तर त्याला खोटं म्हणत नाहीत.

शुक्रवारी मी इथे अभिमनच्या नावाने दोन ब्राह्मण जेवू घालीन. तू एकटी रडत बसू नकोस. नाशिकला नेऊन उपयोग नाही असं डॉक्टरच म्हणाले, तिथे तुझं माझं काय चालणार होतं? मी मनाची समजूत याच एका गोष्टीवर घातली आहे, तूही घाल.

पोरीला सांग, पुण्यात माझी भाची रत्ना आहे. काही लागलं तर तिच्याकडे जायचं.

पत्राची वाट पाहते.
तुझी,
अक्का


सोनगीर,
२७ जुलै २०२५

ती. स्व. अक्कांना,
प्रमिलाचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र शुक्रवारी, नेमकं त्यांच्या तिथीलाच, हातात पडलं. दोनदा वाचलं. मग विधीला बोलावून वाचून दाखवलं. ती ओटीपीच्या जन्मकुंडलीवर हसली, आणि हसता हसता एकदम म्हणाली, काकू, दादाजींना असं फसवायचं का? मी तिला तुमचंच वाक्य सांगितलं. खोटं म्हणत नाहीत, म्हटलं.

शनिवारी यादी केली. पहिलं धुळं, दुसरं पुणं, खाली आणखी पाच. कागद घेऊन आम्ही दोघी शेठजींच्या दुकानावर गेलो. तिथे जे झालं ते तुम्ही आणि मी धरलेलंच नव्हतं.

शेठजींनी चष्मा काढला, पुसला, लावला. इथपर्यंत अगदी तुम्ही लिहिल्याप्रमाणे. पण त्या कागदावर आडवं छापून येतं की हा फॉर्म पक्का केलेला नाही. ते त्यांनी बोट ठेवून विधीकडून वाचून घेतलं आणि कागद परत केला. म्हणाले, पोरी, साठ वर्षं दुकान केलं, कच्च्या कागदावर मी कधी विश्वास ठेवला नाही. बठ्ठं पक्कं करीसन लई ये, मंग पाहू. मी म्हटलं, अजून तीन दिवस आहेत शेठजी, घाई काय? तर म्हणाले, चांगल्या कामाला उशीर कशाला, आत्ताच करू. दुकान गड्यावर सोडून स्वतः माझ्याबरोबर झेरॉक्सवर आले. स्टुलावर बसले. मोबाइल माझ्या हातात दिला. ओटीपी आला.

विधी माझ्याकडे बघत होती. मला तुमची ओळ आठवली, पक्का झालेला फॉर्म केंद्रावर उघडून मिळतो. मी आकडे टाकले.

पक्का कागद निघाल्यावर त्यांनी वरच्या कोपऱ्यात कुंकवाचं स्वस्तिक काढलं. म्हणाले, ही यादी घरी देवापुढे ठेवतो, विधीच्या आजीला, सायरबाईला, दाखवतो. नातीच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या नाही ठेवला, पण मला म्हणाले, अभिमन असता तर खूष झाला असता.

उद्या सोमवारी आम्ही धुळ्याला केंद्रावर जातो. अर्ज लिहून तयार आहे, विधीची सही झाली आहे. तिचं अक्षर फार सुरेख आहे अक्का. तुम्हाला आवडलं असतं.

आता जास्त लिहीत नाही. काम झालं की कळवते.
तुमचा आशीर्वाद पाठीशी असू द्या.
प्रमिला


सोनगीर,
२ ऑगस्ट २०२५

ती. स्व. अक्कांना,
सा. नमस्कार.

काम झालं नाही.

सोमवारी केंद्रावर एवढी रांग की आमचा नंबर लागलाच नाही. मंगळवारी सकाळी लागला. तिथल्या मॅडमनी अर्ज हातातही घेतला नाही. म्हणाल्या, बाई, आता आम्ही काही उघडत नाही. विद्यार्थ्याने स्वतःच्या लॉगिनमधून उघडायचा. पुन्हा ओटीपी येतो, त्याच नंबरवर.

अडीचच्या एसटीने परत आलो. विधीला मी दुकानात कॉम्प्युटरपुढे बसवलं. पान उघडून ठेव, म्हटलं, मी शेठजींना सगळं खरं सांगते आणि ओटीपी घेऊन येते. ती म्हणाली, मी येते बरोबर. मी नको म्हटलं. रागावले तर माझ्यावर रागावू देत.

शेठजींनी नाही म्हटलं. देवापुढे ठेवलेली यादी बदलायची नाही म्हणाले. मी परत आले तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती. विधीला सांगितलं. ती रडली नाही. तिने कॉम्प्युटर नीट बंद केला, खुर्ची आत सरकवली आणि घरी गेली.

परवा यादी लागली. धुळं. पहिलीच पसंती मिळाल्याबद्दल वेबसाइटने तिचं अभिनंदन केलं आहे. शेठजींनी गावात पेढे वाटले. मलाही पाव किलोचा पुडा आला. तो अजून तसाच आहे.

विधी दादाजींशी बोलत नाही, असं तिची आई सांगत होती. ताट वाढलं की घेऊन आतल्या खोलीत जाते.

मला सध्या काही सुचत नाही. लिहायचं म्हणून लिहिलं.
तुमची,
प्रमिला


पिंप्राळा, जळगाव,
७ ऑगस्ट २०२५

चि. प्रमिला हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझं डोकं असं फिरलं की मी मशीन डब्यातून काढून कानात घातलं. कोणाशी तरी भांडायला ऐकू यायला हवं ना. घरात भांडण्यासारखं कोणी सापडलं नाही.

साठ वर्षं तांब्या-पितळेची भांडी विकून या माणसाला एवढंही कळू नये? अठ्ठ्याण्णवची पोर, आणि तिला कशासाठी अडवायचं, तर संध्याकाळचं घरचं जेवण! स्वस्तिक काढलं म्हणे. स्वस्तिक पुण्याच्या नावापुढे काढता येत नव्हतं का? तू त्याच्या दारात जाऊन खरं बोललीस, विनवण्या केल्यास, आणि त्याने तुला रिकामं पाठवलं. माझ्या भावाच्या बायकोला. हे मी गिळणार नाही.

म्हणून मी त्याला पत्र लिहिलं आहे. अमृतलाल शेठ, सोनगीर, भांड्याचं दुकान, एवढा पत्ता पुरेल. या पत्राबरोबरच टाकते आहे. शिव्या दिलेल्या नाहीत, पण शिव्या दिलेल्या बऱ्या असं त्याला वाटेल. नातीचं आयुष्य हातात घेऊन प्रमिला तुमच्या दारात उभी राहिली आणि तुम्ही देवाचं नाव पुढे करून तिला परत पाठवलंत, असं स्पष्ट लिहिलं आहे. पुढच्या वर्षी तरी पोरीला जाऊ द्या, असंही लिहिलं आहे.

मी अर्ज उघडून मिळतो म्हणून लिहिलं, ते माझ्या काळचं होतं. मी निवृत्त झाल्यापासून बारा वर्षांत नियम बदलला हे मला कळायला हवं होतं. ती चूक माझी, तुझी नाही. ते मनावर घेऊ नकोस.

जेवत जा. पेढे शिळे झाले असतील, गाईला घाल.
तुझी,
अक्का


सोनगीर,
१५ ऑगस्ट २०२५

ती. स्व. अक्कांना,
प्रमिलाचा नमस्कार.

हे पत्र दारं लावून, एकट्या बसून वाचा.

तुमचं पत्र शेठजींना सोमवारी मिळालं. ते ते घेऊन माझ्याकडे आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून हाताचं बारीक अक्षर त्यांना लागत नाही. म्हणाले, पोरी, तुझ्या नणंदेचं पत्र दिसतं, काय म्हणतात वाच बरं. स्टुलावर बसले.

मला काहीही वाचता आलं असतं. जळगावच्या भांडी बाजाराची चौकशी केली आहे, असं वाचलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. मी तुमचं पत्र होतं तसं वाचलं. एकही शब्द गाळला नाही. प्रमिला तुमच्या दारात उभी राहिली, तेही वाचलं.

वाचून झाल्यावर त्यांनी पत्र माझ्या हातातून परत घेतलं. मग म्हणाले, तू कधी मागितला मला ओटीपी?

अक्का, मी मागितलाच नव्हता.

त्या मंगळवारी साडेतीनला मी त्यांच्या दुकानात गेले हे खरं. सांगायचं म्हणूनच गेले होते. तोंड उघडायच्या आधी त्यांनी बसायला सांगितलं, गड्याला चहाला पिटाळलं. समोर दोन गिऱ्हाइकं होती, त्यांना माझी ओळख करून दिली, आमच्या विधीचा फॉर्म हिने भरला. मग सांगत राहिले. पोरगी शिकली की उडून जाणार, हे त्यांनी मनात धरूनच ठेवलं होतं. पण तिने आपण होऊन धुळं पहिलं लिहिलं. सायरबाई दोन दिवस शेजारणींना हेच सांगते आहे. बोलताना त्यांचे डोळे भरले. चहा आला. मी चहा घेतला. भिंतीवर घड्याळ होतं. चार वाजले, सव्वाचार वाजले, आणि मी आता सांगते, आता सांगते म्हणत बसले. साडेचारला मी कप खाली ठेवला, येते म्हटलं आणि उठले. बसस्टँडपर्यंत उगीच चालत गेले आणि परत आले. मग विधीला सांगितलं की ते नाही म्हणाले.

मी विचारलंच नाही, हे तिच्या तोंडावर म्हणवेना. तुम्हालाही तेच लिहिलं, कारण एकदा बोलले होते.

आणि ती चूकही तुमची नाही. फॉर्म पुन्हा उघडायला ओटीपी लागतो, हे पुस्तिकेत लिहिलेलं होतं. मी ते पान जूनमध्येच वाचलं होतं. पण तुमच्या पत्रात दुसरं होतं, आणि मला दुसरं हवं होतं.

शेठजी रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, मी कदाचित नाहीच म्हटलं असतं. दोन दिवस आरडाओरडा केला असता, मग दिलाही असता. पण जे म्हटलं असतं ते माझ्या तोंडाने म्हटलं असतं. पंधरा दिवस झाले, माझी नात माझ्या हातचं पाणी घेत नाही, आणि मला कळत नव्हतं का. पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि गेले. त्यांनी रात्री घरी सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी विधी आली. आत नाही आली, पायरीवर उभी राहिली. तिने एकच विचारलं. मी कॉम्प्युटरपुढे बसले होते तेव्हा तुम्ही चहा पीत होता का? मी हो म्हटलं. तिने तिची कागदांची फाइल मागितली. मी दिली.

अक्का, आता राहिलेलं एक लिहिते. आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही. धुळ्याच्या दवाखान्यात तुमच्या भावाला नाशिकला न्यावं का, हे डॉक्टरांना विचारायचं होतं. तुम्ही मला तेवढंच काम सांगून औषधं आणायला गेला होता. डॉक्टर माझ्या समोरून तीनदा गेले. मोठे डॉक्टर, मागे चार जण. मी पदर सावरून उभी राहिले आणि विचारलं नाही. तुम्ही आल्यावर म्हटलं, डॉक्टर नको म्हणाले.

नमस्कार लिहायला हात होत नाही, तरी लिहिते.
प्रमिला


पिंप्राळा, जळगाव,
९ सप्टेंबर २०२५

प्रमिला हिस,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. चार वेळा लिहायला बसले.

दवाखान्याबद्दल तू जे लिहिलं आहेस त्यावर मी काही लिहिणार नाही. आता नाही, आणि पुढेही तू विचारू नकोस. नेलं असतं तर तो वाचला असता असं मी म्हणत नाही. पण तीन वर्षं मी ज्यावर टेकून बसले होते ते तू काढून घेतलंस. घरात कोणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

पोरीचं मात्र लिहिते, कारण तिथे अजून काही करता येईल. तिने धुळ्याचं पहिलं वर्ष सोडू नये. पुढच्या वर्षी सीईटी पुन्हा द्यावी. एकदा अठ्ठ्याण्णव मिळवणारी पोर पुन्हा मिळवू शकते. अमृतलाल शेठना मी दुसरं पत्र लिहिलं, क्षमा मागितली. त्यांचं उत्तर आलं, सुनेकडून लिहवून घेतलेलं. ते म्हणतात, पुढच्या वर्षी पुणं तर पुणं, मी स्वतः सोडायला जाईन. एवढं तरी झालं. आता फॉर्म कधी निघतो त्याकडे लक्ष ठेव, आणि या वेळी जे बोलायचं ते बोल.

आणि दुकान बंद करू नकोस. लोक तुझ्याकडे येतात ते तू वाचून सांगतेस म्हणून.

आशीर्वाद देते. तो तुटत नाही.
ज्योत्स्ना


सोनगीर,
११ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. अक्कांना,
प्रमिलाचा शि. सा. नमस्कार.

तुमच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही याबद्दल क्षमा करा. फक्त हवापाण्याचं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं वाटलं. तुम्ही हवापाण्याचंच लिहिता हे माझ्या ध्यानात येतं, आणि मला ते योग्य वाटतं.

दुकान चालू आहे. फॉर्म भरते, पण आता एक नियम केला आहे. मुलाबरोबर घरातलं मोठं माणूस आल्याशिवाय फॉर्मला हात लावत नाही. यंदा त्यामुळे चार मुली आल्या आणि परत गेल्या. मोठं माणूस घेऊन त्या पुन्हा आल्या नाहीत. म्हणजे माझ्या नियमानेही त्यांचं नुकसानच केलं. काय बरोबर ते मला अजून कळलेलं नाही.

सीईटीचे फॉर्म निघाले, आणि पहिल्या दिवसापासून शेठजी येऊ लागले. विधीचा भरायचा आहे ना, म्हणतात. तिने यायला हवं, तिची सही, तिचा फोटो लागतो, असं मी सांगते. आता तिच्या नावाचा वेगळा मोबाइलही त्यांनी घेऊन दिला आहे. ते मला पूर्वीसारखंच पोरी म्हणतात. मला त्याचाच त्रास होतो.

विधी रोज सातच्या एसटीने जाते, साडेपाचला येते. दादाजींशी बोलते. पहिल्या सत्रात वर्गात पहिली आली. दोन मैत्रिणी आहेत, तिघी मिळून बसमध्ये हसत असतात. माझ्या दुकानावरून जाते, पण आत येत नाही. मी सहा महिने तिला हाक मारली नाही. मला तो हक्क आहे असं वाटलं नाही.

शेवटी शेठजी रडकुंडीला आले. परवा म्हणाले, तू सांग तिला, तुझंच ऐकायची ती. मी म्हणतो जा, तर ती म्हणते बरं आहे इथे. मी ओरडतो, तर हसते. नातीने घर सोडावं म्हणून मला हात जोडावे लागतात, काय दिवस आले! मी नाही म्हणत होते. पण तुमचं वाक्य आठवलं, या वेळी बोलायचं ते बोल.

काल संध्याकाळी मी बसस्टँडवर जाऊन उभी राहिले. ती उतरली. मैत्रिणींना पुढे जायला सांगून थांबली, तेवढं तिने केलं. मी सगळं बोलले. थांबले नाही, घाबरले नाही. म्हटलं, माझ्यामुळे गेलं, ते परत मिळवता येतं. दादाजी तयार आहेत. परीक्षेचा अभ्यास तुला नवा नाही. फॉर्मला अजून दोन दिवस आहेत. तुला हवं असेल तर मी हातही लावणार नाही, दुसरीकडून भर, पण भर.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, काकू, मला आता पुण्याला जायचं नाही. राग म्हणून नाही. आधी रोज आठवायचं, आता आठवत नाही. ऑगस्टमध्ये आठवण आली तर रडायला यायचं, मग मी ती येऊ देणं बंद केलं, आणि नंतर ती आपोआपच आली नाही. आता पुन्हा ते सगळं उकरायचं, दोन-तीन महिने रात्रंदिवस अभ्यास करायचा, कशासाठी?

मी म्हटलं, तुझ्यासाठी.

तेव्हा तिने माझ्याकडे नीट पाहिलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, माझ्यासाठी नाही. दादाजींना बरं वाटावं, तुम्हाला बरं वाटावं, म्हणून मी पुन्हा परीक्षा देऊ का? द्यायची तर देते. तुम्ही सांगा.

अक्का, ती खरंच विचारत होती. मी हो म्हटलं असतं तर तिने तिथल्या तिथे फॉर्म भरला असता. आणि माझ्या मनातलं खरं उत्तर हो हेच होतं.

मी नको म्हटलं. ती बरं म्हणाली आणि मैत्रिणींच्या मागे गेली.

फॉर्मची मुदत उद्या संपते. शेठजी सकाळी येतील. त्यांना काय सांगायचं ते ठरवलं आहे, जे झालं तेच सांगणार आहे.

या पत्राला उत्तर लिहाल तेव्हा मला धीर देऊ नका. तेजसचं लिहा, पिंप्राळ्याचं लिहा, मशीन कानात असतं की डब्यात तेही लिहा. मी वाट पाहीन.

तुमचीच,
प्रमिला